पापलेटला भाव, तारलीला ओमेगा-३: पुण्यात कुठला मासा घ्यावा, किती आणि कसा?

नदीपलीकडचा
मंडळी, "ओमेगा-३ साठी मासे खा" असं डॉक्टरांनी सांगितलं की पुण्यातल्या पिशवीत ठरलेलेच चौघे येतात: पापलेट, सुरमई, कोळंबी, आणि सोललेल्या तुकड्यांच्या रूपात बासा. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात बाजूच्याच पाटीत तारली आणि बांगडे कितीतरी कमी भावात पडलेले असतात, पण त्यांना "वास येतो, काटे फार" म्हणून मागे ठेवलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की माशातलं ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए ही दोन स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) हवी असतील, तर आपण पैसे उलट्या पाटीत टाकतो आहोत.

पण एक गोष्ट अडते. नेटवरच्या तक्त्यांत बोंबलासारख्या रोडक्या माशाचा डीएचएचा टक्का तारलीपेक्षा जास्त दिसतो. मग बोंबीलच श्रेष्ठ म्हणायचा का? जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावं. आठवड्याला किती खावं आणि शिजवताना काय टिकतं, हेही.

रसायनी
चांगला धागा. तुमचा घोळ एका वाक्यात सुटतो: तो टक्का माशाचा नसतो, माशातल्या एकूण स्निग्धाम्लांचा असतो.

रोडक्या माशात साठवणीची चरबी जवळपास नसतेच. जी असते ती पेशींच्या आवरणातली फॉस्फोलिपिडं, आणि त्यांत डीएचए भरपूर. म्हणून टक्का फुगतो. तेलकट माशात त्याच्या जोडीला साठवणीचं तेल असतं. त्यात पामिटिक, ओलेइक, पामिटोलेइक ही दुसरी स्निग्धाम्लंही मोठ्या प्रमाणात असल्याने ओमेगा-३ चा टक्का खाली येतो, पण ताटात पडणारे मिलिग्रॅम वाढतात.

हिशोब असा करा. १०० ग्रॅम मांसातली एकूण चरबी घ्या. ती सगळी स्निग्धाम्लं नसतात, म्हणून एका गुणकाने गुणा. काट्याच्या माशांसाठी तो गुणक ०.९३३ वजा (०.१४३ भागिले चरबीचे ग्रॅम) असा काढतात. मग तक्त्यातला टक्का लावा.

रोडका मासा: चरबी ०.८ ग्रॅम, गुणक ०.७५, म्हणजे स्निग्धाम्लं ०.६ ग्रॅम. ईपीए आणि डीएचए मिळून ३५ टक्के धरले तरी हाती येतात २१० मिलिग्रॅम.
तेलकट मासा: चरबी ८ ग्रॅम, गुणक ०.९१५, म्हणजे ७.३ ग्रॅम. टक्का फक्त २२ धरा. हाती १,६०० मिलिग्रॅम.

टक्का कमी, माल साडेसात पट.

आणखी एक खोच. चरबी कोणत्या पद्धतीने मोजली तेही पाहा. सॉक्सलेट नावाच्या उपकरणात पेट्रोलियम ईथरने काढली तर फॉस्फोलिपिडं नीट निघत नाहीत, आणि रोडक्या माशाची चरबी खरी असते त्याहून कमी दिसते. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची फोल्च (१९५७) किंवा ब्लाय-डायर (१९५९) पद्धत वापरलेली असेल तर तो आकडा घ्यावा. दोन तक्ते जुळत नाहीत त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

गवतीचहा
म्हणजे तक्ता उघडला की आधी विचारायचं, "टक्का कशाचा?" हे वाक्य धाग्याच्या डोक्यावर लावा कोणीतरी.

खाडीवरचा
रसायनीताईंच्या हिशोबात एक गोष्ट घाला: महिना. तारलीची चरबी हा एक आकडा नाहीच. पावसाळ्यात ती अंडी घालते तेव्हा अंग उतरलेलं असतं, चरबी दोन-तीन टक्क्यांवर येते. पाऊस सरता सरता समुद्रात डायटम या सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं, त्यावर ती चरते आणि दिवाळीच्या आगेमागे चरबी दहा टक्क्यांच्या वरही जाते. नाव एक, मासा एक, पण ओमेगा-३ मध्ये कित्येक पटींचा फरक. बांगड्याचंही तसंच, जरा कमी प्रमाणात.

पाटीवर ओळखायचं कसं? वरून पाहिलं तर पाठ रुंद दिसते आणि पोट गोल. रोडकी तारली सुरीच्या पात्यासारखी चपटी असते. एक चिरून दाखवायला सांगा. आतड्याभोवती पांढरी, लोण्यासारखी चरबी चिकटलेली दिसते, बोटांना लागली की पाण्याने जात नाही. तवा तापवून तेल न घालता तारली ठेवली तर अर्ध्या मिनिटात कडेने स्वतःचं तेल सुटतं. उतरलेली तारली तव्याला चिकटते आणि कातडं फाटतं.

तेलकट माशाचा एक जुना नियम आहे: चरबी आणि पाणी यांची बेरीज साधारण ८० टक्के. चरबी वाढली की पाणी तेवढं घटतं. म्हणूनच चरबीने भरलेली तारली शिजवल्यावर आक्रसत नाही आणि पावसाळ्यातली आक्रसते.

नदीपलीकडचा
@खाडीवरचा, मग १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत पुण्यात येणारा मासा?

खाडीवरचा
त्यातला बराचसा शीतगृहातला, काही पूर्व किनाऱ्याचा (तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून), आणि बाकी उजनी-खडकवासल्याचा गोड्या पाण्याचा. त्या दोन महिन्यांत ओमेगा-३ चा हिशोब मांडूच नका, प्रथिनांसाठी खा.

सरंगा
पापलेटची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी. पापलेट 'नुसतं पांढरं, चरबी नसलेलं' ही समजूत चुकीची आहे. ते मध्यम चरबीचं आहे, म्हणून तर तोंडात विरघळतं. फक्त त्या चरबीत पामिटिक आणि ओलेइक जास्त, ओमेगा-३ बेताचं. प्रथिनं सगळ्याच चांगल्या माशांत १८ ते २० टक्क्यांच्या घरात, त्यात पापलेट कुठेही कमी नाही. आणि लहान मुलाला किंवा दात नसलेल्या आजीला एकच मधला काटा असलेला मासा सुखाने भरवता येतो, त्याचीही किंमत असतेच. भाव पोषणावर ठरत नाही. मऊ मांस, कमी काटे आणि निर्यातीची मागणी यांवर ठरतो.

बोंबलाला मात्र प्रथिनांच्या रांगेतही मागे बसवावं लागेल. ताज्या बोंबलात पाणीच ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणून तो पाट्याखाली दाबून पाणी काढून तळतात.

रसायनी
सरंगा, मान्य. पापलेट खाऊ नका असं कोणाचं म्हणणं नाही, फक्त ते औषध म्हणून विकत घेऊ नका.

कुपा
ईपीए आणि डीएचए एकाच पोत्यात घालू नका, माशागणिक त्यांचं नातं बदलतं. तारलीत बहुधा ईपीए पुढे, कारण डायटममध्ये ईपीए भरपूर आणि डीएचए नगण्य. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या दुसऱ्या सूक्ष्म जीवांत डीएचए जास्त, ते प्राणिप्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांतून वर चढतं. बांगडा दोन्ही खातो, त्यात डीएचए बरोबरीला किंवा पुढे. कुप्यात, म्हणजे ट्यूनात, डीएचए ईपीएच्या कितीतरी पट. मासा ही दोन्ही स्वतः फारशी बनवत नाही, खाल्लेलं साठवतो. मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यासाठी डीएचए, रक्तातल्या ट्रायग्लिसराइडसाठी दोन्ही कामाची.

सदाशिवपेठी
हॉटेलात "इंडियन सॅमन" म्हणून रावस देतात. तो सॅमनइतका पौष्टिक ना?

कुपा
नाही. रावस आणि सॅमन यांचं कूळच वेगळं, नाव फक्त गोऱ्या साहेबाने दिलेलं. शेतीतल्या अटलांटिक सॅमनमध्ये १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या आसपास चरबी. रावसात त्याच्या काही अंशच. चवीला रावस उत्तम, आमटी तर विचारूच नका, पण सॅमनचे आकडे त्याला लावू नका. बासा आणि उजनीची चिलापी यांचंही सांगून टाकतो: चरबी कमी, आणि जी आहे तीत ईपीए-डीएचए कमी, ओमेगा-६ तुलनेने जास्त. स्वस्त प्रथिन म्हणून चिलापी झकास, आणि भिगवणहून ती ताजी येते हा मोठा गुण.

आहारवेध
आता शिजवण्याकडे येऊ, कारण निम्मं नुकसान तिथे होतं.

रोडका मासा रवा लावून तळला तर पाणी बाहेर जातं आणि त्या जागी तेल शिरतं. १०० ग्रॅमला ६ ग्रॅम तेल ओढलं असं धरा. तेल साधं सूर्यफुलाचं असेल तर त्यातलं ६० टक्के लिनोलेइक, म्हणजे साडेतीन ग्रॅमहून जास्त ओमेगा-६ पोटात आणि ओमेगा-३ दोनशे मिलिग्रॅम. तेलकट माशाचं स्वतःचं तेल तळणाच्या तेलात उतरतं आणि कढईतच राहतं.

रस्सा किंवा तिखल्यात सुटलेलं तेल रश्शावर तरंगतं आणि भाताबरोबर पोटात जातं, वाया जात नाही. तारलीचं तिखलं करताना एक किलोला सात-आठ आमसुलं, हळद, तिखट, ठेचलेला लसूण, मीठ, आणि मासे बुडतील न बुडतील इतकंच पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं पुरतात. काटे मऊ हवे असतील तर हेच कुकरमध्ये शिट्टी होऊ न देता मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. मग काटे चावून खाता येतात आणि कॅल्शियमही मिळतं. बांगड्याला तिरफळ आणि ओलं खोबरं. खोबऱ्याच्या चरबीत ओमेगा-६ नगण्य असल्याने या हिशोबात ते आड येत नाही.

रसायनी
एक दुरुस्ती. ओमेगा-६ ला खलनायक करू नका. लिनोलेइकही शरीराला अत्यावश्यकच. स्निग्धाम्लं अत्यावश्यक असतात हे बर पती-पत्नींनी १९२९-३० मध्ये दाखवलं तेव्हा पुढे तेच होतं. खरी हानी दोन ठिकाणी होते: माशाचं तेल कढईत राहतं, आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं जातं. डीएचएत सहा दुहेरी बंध असतात, दोन बंधांमधला हायड्रोजन सहज निसटतो आणि तिथून ऑक्सिडेशनची साखळी सुरू होते. मासे तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी खवट वासाचं होतं ते यामुळेच. थोड्या तेलात, मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं परतलेला बांगडा मला पूर्ण मान्य आहे.

आहारवेध
दुरुस्ती मान्य. माझा रोख प्रमाणावर होता.

जवसचटणी
शाकाहारी लोकांनी काय करायचं? आमच्या जेवणात जवसाची आणि कारळ्याची चटणी असतेच.

आहारवेध
दोन्ही एका वाटीत घालू नका, ताई. जवसात अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३ चं मूळ रूप. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमहून जास्त. कारळ्याच्या तेलात मात्र बहुतेक सगळं लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. दिसायला दोन्ही बिया, गुण वेगळे.

जवसाचं शरीरात ईपीए होतं ते काही टक्केच, आणि डीएचए बहुधा एक टक्क्याहूनही कमी. म्हणून जवस चांगलं, पण तारलीची जागा घेत नाही. दळूनच खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. आणि दळलेली पूड हवाबंद बरणीत फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. थेट डीएचए हवं असेल तर शेवाळाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात. माशालाही ते मुळात शेवाळातूनच मिळतं.

बर्फाचापेटारा
पुण्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट राहिली: बर्फ. मासा घाट चढून येतो.

एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे २४ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आणि एक किलो बर्फ वितळताना ८० ओढून घेतो. म्हणजे नुसता थंड करायला किलोमागे ३०० ग्रॅम बर्फ पुरला असता. तरी माशाइतकाच बर्फ का सांगतात? बाकीचा रस्त्यातली उष्णता झेलण्यासाठी. तो वाचवला की मासा वरून गार आणि पोटात कोमट राहतो.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांत हे जास्त जपावं लागतं. यांच्या मांसात हिस्टिडीन मोकळं असतं. मासा कोमट राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत चेहरा लाल, अंगावर पुरळ, डोकं ठणकणं. लोक म्हणतात "मला बांगड्याची ॲलर्जी आहे", पण अनेकदा दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवूनही नाही. चाखताना जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर ताट बाजूला करा.

कल्ले लाल, डोळा फुगीर आणि काळाभोर, बोटाने दाबलं की खळगा भरून यायला हवा. तारलीचं पोट फुटलेलं असेल तर नको. बाजारात जाताना झाकणाचा डबा आणि बर्फाची पिशवी घेऊन जा. कॅम्पातून सिंहगड रस्त्याला दुपारच्या गर्दीत पाऊण तास सहज जातो, तेवढ्यात डिकीतला मासा कोमट होतो.

नदीपलीकडचा
@बर्फाचापेटारा, जास्त आणून फ्रीजरमध्ये ठेवला तर?

बर्फाचापेटारा
पापलेट, घोळ, रावस -१८ अंशांला सहा महिने काढतात. तारली-बांगडा दोन, फार तर तीन. गोठवल्याने जिवाणू थांबतात, ऑक्सिडेशन थांबत नाही. मासा धुऊन आधी उघडाच गोठवा, मग बर्फाच्या पाण्यात बुडवून काढा आणि परत गोठवा; काचेसारखा पापुद्रा धरतो आणि हवा लागत नाही. मीठ आणि हळद चोळून फ्रीजरमध्ये ठेवायची सवय मोडा. मिठाने चरबी लवकर खवट होते. पोटाशी पिवळट डाग दिसले की ते खवटाचे.

सुकट
सुक्या माशांचंही तेच. सुका बोंबील आणि जवळा टिकतात कारण मुळात चरबी कमी. सुक्या बोंबलात प्रथिनं ६० टक्क्यांच्या आसपास जातात. खारवलेला बांगडा मात्र पिवळा पडतो, आणि रक्तदाब असलेल्यांना त्यातलं मीठ जड. ओमेगा-३ साठी सुकं खाऊ नये, भाकरीबरोबर चवीसाठी खावं.

नवखी
गरोदरपणात मासे बंद करा म्हणतात घरी. पारा असतो म्हणे.

आहारवेध
बंद नको, निवडून खा. मिथाइल मर्क्युरी अन्नसाखळीत वर चढत जातं: मोठा, वयस्क, दुसऱ्या माशांवर जगणारा मासा, तितका पारा जास्त. मुशी-मोरी (शार्क), मोठा कुपा, हातभर लांबीची सुरमई टाळा. तारली, बांगडा, मांदेली लहान, कमी वयाचे आणि प्लवकांवर जगणारे. त्यांत पारा कमी आणि डीएचए जास्त. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी गरोदर स्त्रीसाठी रोज ३०० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए सांगितलं आहे, त्यात किमान २०० डीएचए. मासा ताजा आणि पूर्ण शिजलेला हवा. कॉड लिव्हर ऑइल मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. डॉक्टरांना विचारून ठरवा.

एरंडवणे
एवढ्या खटाटोपापेक्षा कॅप्सूल बरी नाही का?

रसायनी
नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये १८० ईपीए आणि १२० डीएचए, म्हणजे ३००. बाकीचं नुसतं तेल. लेबलावर मोठ्या अक्षरातला हजार पाहून फसू नका.

हृदयविकाराचे पुरावेही सरळ नाहीत. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांवर बँग आणि डायरबर्ग यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कामापासून आशा वाढली. १९९९ च्या इटलीतल्या जिस्सी चाचणीत झटका येऊन गेलेल्या ११ हजारांहून जास्त रुग्णांत रोज एका ग्रॅमने मृत्यू घटले. पण २०१८ च्या व्हायटल चाचणीत सुमारे २६ हजार लोकांत, आधी हृदयविकार नसताना, मुख्य निष्कर्षात फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या रिड्यूस-इट चाचणीत ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांना रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिल्यावर हृदयविकाराच्या घटनांत २५ टक्के घट दिसली. मात्र तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलावर आक्षेप आहेत, आणि मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणजे ती मात्रा औषधाची, डॉक्टरांनी द्यायची. मासा खाल्ला तर सोबत प्रथिनं, ड आणि ब१२, सेलेनियम, आयोडीन येतं. कॅप्सूलमध्ये ते नाही.

गवतीचहा
युरिक ॲसिडवाल्यांनी तारली-मांदेली जपून, ज्यातून युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन त्यांत बरंच असतं. आणि कोळंबीला कोलेस्टेरॉलवरून घाबरणाऱ्यांसाठी: १०० ग्रॅमला दीड-दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल खरं, पण चरबीच एक ग्रॅमच्या आसपास, त्यात संपृक्त अगदी थोडी. नडतं ते वरचं बटर.

नदीपलीकडचा
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं गणित मांडतो, चूक असेल तर सांगा.

रोज २५० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए धरले तर आठवड्याला माणशी १,७५०. तारलीत चरबी ६ टक्के (पाऊस सरल्यानंतरच्या मोसमात हे हात राखून), गुणक ०.९१, स्निग्धाम्लं साडेपाच ग्रॅम, २२ टक्क्यांनी १०० ग्रॅम मांसात १,२०० मिलिग्रॅम. म्हणजे माणशी १५० ग्रॅम मांस. डोकं-पोट गेल्यावर ६० टक्के उरतं असं धरलं तर अख्खी तारली २५० ग्रॅम. चौघांना आठवड्याला एक किलो, दोन वेळांत. बरोबर?

रसायनी
बरोबर. शिजवताना जाईल ते धरून आठवड्यातून एकदा त्यात चार बांगडे घाला.

खाडीवरचा
फक्त साफ करून घेताना एक सांगा. मासेवाली घाईत पोटाची पातळ पाळ तिरकी छाटून टाकते, आणि काही लोक कातडं व खालचा तपकिरी पट्टा काढून टाकायला सांगतात. सगळ्यांत जास्त तेल त्या पाळीत आणि त्या पट्ट्यातच असतं. "पोट चिरून घाण काढा, पाळ ठेवा, कातडं ठेवा" एवढंच म्हणा. आणि आतली गाबोळी (अंडी) टाकू देऊ नका, तिच्यातही डीएचए चांगलं असतं.

नदीपलीकडचा
नोंदवलं. रविवारी सकाळी सातला गणेश पेठ, डबा आणि बर्फ घेऊन.

बर्फाचापेटारा
एक किलोला एक किलो. विसरू नका.